पीडीएफ टाकलीय, छापून घ्या!

दिवाळी अंक वसुबारसेच्या आत स्टॉलवर लागायचा असेल, तर पीडीएफ दसऱ्यानंतरच करायला घ्या. आधी केली तर तपासायला वेळ मिळतो, आणि तपासलं की चुका सापडतात. कशाला ती नसती उठाठेव?

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट म्हटलं की प्रीसेटची, म्हणजे तयार सेटिंग्जची, यादी उघडते. त्यातलं ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ डोळे मिटून घ्यायचं. ते १५० पीपीआयच्या (इंचामागे पिक्सेल) वरचे रंगीत फोटो १०० वर आणतं आणि सगळे रंग एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचे, करून टाकतं. मुखपृष्ठावरच्या नथीतला एकेक मोती मग चौकोनी छापून येतो. फाइल मात्र व्हॉट्सॲपवर सुळकन जाते! पीडीएफ/एक्स-१ए आणि एक्स-४ या छपाईसाठीच्या प्रकारांच्या वाटेला जाऊ नका. पहिल्यात आरजीबी (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) चालत नाही आणि ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शकता, सपाट करावी लागते, दुसऱ्यात ती तशीच राहते. छापखान्याला यांतलं कुठलं हवं हे विचारायला फोन करावा लागेल. पण गिऱ्हाईक आपण, फोन त्यांनी करायचा.

आता काळा रंग. इथे खरी मजा आहे. लेखकांनी वर्डमध्ये पाठवलेला मजकूर थेट पानात ओता, म्हणजे स्वॉचेसमध्ये, रंगांच्या यादीत, वर्डमधून आलेला आरजीबी काळा मुकाट्याने येऊन बसतो. स्वॉप या नेहमीच्या छपाई-प्रोफाइलने त्याचं सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाया, केलं की सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के. म्हणजे दहा पॉइंटाच्या अक्षरावर चार प्लेटांची मिळून ३०० टक्के शाई! एखादी प्लेट केसभर सरकली की शिरोरेखेला खालून गुलाबी कड येते, वरून निळसर, आणि अनुस्वार जुळे दिसू लागतात. कवितेच्या पानाला तेवढीच रंगत. हे आधी कळू नये म्हणून एक पथ्य पाळा: ॲक्रोबॅट प्रोमधलं ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ चुकूनही उघडू नका. तिथे काळ्या प्लेटची खूण काढली की मजकूर पानावरून नाहीसा व्हायला हवा. तो तिथेच ठाण मांडून बसला, तर तो चार रंगांत आहे हे दोन सेकंदांत कळतं आणि सगळा विरस होतो.

पांढऱ्या शीर्षकावर ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) तेवढं राहू द्या. स्क्रीनवर ते झकास दिसतं, छापताना गायब होतं. कथा बिनशीर्षकाची, म्हणजे प्रायोगिक.

ब्लीड? चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा रंग म्हणजे शुद्ध उधळपट्टी. कटिंग मशिनचं पातं थोडं इकडेतिकडे झालं की कडेला पांढरी रेघ उमटते, तिला बॉर्डर म्हणायचं. डॉक्युमेंटमध्ये ब्लीड दिलंच असेल, तर एक्स्पोर्ट करताना ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज’वर टिचकी मारायची नाही, की झालं. पृष्ठक्रमांक कडेपासून २ मिलिमीटरवर ठेवा. निम्मे कापले जातील, अनुक्रमणिका बघणार कोण?

आणि हो, ‘पेजेस’ऐवजी ‘स्प्रेड्स’ निवडा. ६४ पानी पिन मारलेल्या अंकात पहिल्या पानाशेजारी ६४वं छापावं लागतं, दुसऱ्याशेजारी ६३वं. तुम्ही २ आणि ३ चिकटवून पाठवले की इम्पोझिशन, म्हणजे पानं छपाईच्या क्रमाने लावायचं काम, करणारा माणूस तुमची आठवण काढत रात्रभर ते सोडवत बसतो.

ई-अंकासाठी वेगळी पीडीएफ करायचे कष्ट घेऊ नका. छापायची तीच ढकला, क्रॉप मार्कांसकट (कागद कापायच्या खुणा), २०० एमबीची. बुकमार्क, लिंका, काही नको. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर दुधात साखर. फोनवर ‘संपादकीय’ शोधावं तर काही सापडत नाही. ओळ कॉपी करून पेस्ट करावी तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला. वर्गणीदाराला वाटतं, शब्दकोडं आहे. उत्तर पुढच्या अंकात.