वळिवड्याला न आलेला जनरल

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो की माझी गाडी साड्यांवरून हटकून पोलंडवर घसरते, आणि घरचे वैतागतात. पण करणार काय? 1943 ते 48 या काळात इथेच वळिवड्याची पोलिश छावणी होती. पाचेक हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. स्टालिनने सायबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली. 1942 साली रशियातल्या पोलिश कैद्यांमधून उभ्या राहिलेल्या जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर त्यातली बहुतेक कॅस्पियन समुद्रावरच्या क्रास्नोवोद्स्क बंदरातून इराणला सुटली आणि तिथून पुढे आपल्याकडे आली.

त्या बंदरावरच्या पोलिश तळाचा प्रमुख होता झिग्मुंट बर्लिंग. जहाजं भरभरून गेली, हा गडी मागेच राहिला. अँडर्सच्या लेखी तो पळपुटा. गंमत म्हणजे 1920 च्या युद्धात याच माणसाने बोल्शेविकांविरुद्ध लढून शौर्यपदक मिळवलं होतं.

1943 च्या मे महिन्यात स्टालिनने त्याच्या हाती रेड आर्मीबरोबर लढणारी पोलिश कोश्चियुश्को डिव्हिजन दिली. तिला ‘स्टालिनचं भाडोत्री सैन्य’ म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. त्यातले किती तरी जण अँडर्सपर्यंत वेळेत पोचूच शकले नव्हते. कुणाला लेबर कॅम्पातून उशिरा सोडलं, कुणी टायफसने वाटेतच आडवा झाला. जहाज चुकलेल्या माणसाने घरी जायचं कसं? बर्लिंगच्या मागून, एवढाच रस्ता उरला होता. ऑक्टोबरमध्ये जर्मनांविरुद्धच्या लेनिनोच्या दोन दिवसांच्या लढाईत जवळपास पाव डिव्हिजन कापली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता.

बर्लिंगला मात्र मी एका गोष्टीची माफी देत नाही. तो स्वतः स्टारोबेल्स्कच्या सोव्हिएत कैदेत होता. तिथल्या सुमारे 3,800 पोलिश अधिकाऱ्यांना 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याच वर्षी सोव्हिएतांची बर्लिंग वगैरेंशी नवं पोलिश सैन्य उभारायची बोलणी चालली असताना या अधिकाऱ्यांचा विषय निघाला, तेव्हा ‘आमच्याकडून मोठी चूक झाली’ असं उत्तर मिळाल्याचं तिथे हजर असलेल्या पोलिश अधिकाऱ्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे याला अंदाज होताच. तरी जानेवारी 1944 मध्ये कातिनच्या जंगलात, अशाच मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या सामूहिक कबरींपाशी उभं राहून त्याने खुनाचं खापर जर्मनांवर फोडलं. जिवाची भीती असेल, मान्य. पण आपल्यासारखीच कैदेतली माणसं होती हो!

आणि मग सप्टेंबर 1944. वॉर्सा जर्मनांविरुद्ध उठाव करून जळतंय, रेड आर्मी विस्तुला नदीच्या पूर्वेला थांबलेली. बर्लिंगने आपली पोरं होड्यांतून पलीकडे वॉर्साच्या चेर्नियाकुफ भागात उतरवली. तोफांचा आधार तुटपुंजा. आठवड्याभरात सगळं संपलं. महिनाअखेरीस त्याची सेनापतीपदावरून उचलबांगडी झाली. हे त्याने हुकूम नसताना केलं की हुकमानेच, यावर इतिहासकार अजून भांडतात. पुढे मॉस्कोतल्या अकादमीत रवानगी, 1947 ला परत, 1980 साली वॉर्सात मृत्यू.

2019 च्या ऑगस्टमध्ये वॉर्सात त्याचा पुतळा लोकांनी दोरी लावून पाडला. पूर्वेच्या काठावर होता तो. पश्चिमेच्या काठावर मोंते कासिनोच्या, म्हणजे इटलीतल्या त्या लढाईत लढलेल्या अँडर्सच्या माणसांच्या, स्मारकापाशी कोल्हापूरच्या नावाचा फलक आहे. 2024 मध्ये आपले पंतप्रधान तिथे फुलं वाहून आले.