परवाना फुकट आहे म्हणून न वाचता सही ठोकू नका

फिनिक्समधल्या आपल्या मराठी मंडळींकडे हल्ली जीप आणि फोररनर भरपूर झाल्यात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या टायरना कॉस्टकोच्या पार्किंगपलीकडची माती लागलेली नाही, पण ते असो. थंडी पडली की कुणाला तरी हुक्की येते, ‘यंदा कामिनो देल दियाब्लो करायचंच!’ (वाळवंटातली गाडीने करायची कच्ची वाट.) लगेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, ग्रुपचा डीपी ठरतो, मिसळ पहिल्या दिवशी की दुसऱ्या यावर रात्री बारापर्यंत खल होतो. आणि तिथे शिरायच्या परवान्याचं नाव निघालं की एकच उत्तर येतं: ‘लिंक टाक रे, सगळे सही करून टाकू.’

माझं म्हणणं कदाचित कडक वाटेल, पण सांगतो. ज्याने परवान्याचा मजकूर वाचलेला नाही, त्याला या वाटेवर नेऊ नये. मग तो कितीही जिवलग असो आणि त्याची गाडी कितीही महागडी असो.

आधी वाट काय आहे ते. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण टोकाला, आहो गावापासून वेल्टन-युमाच्या बाजूला निघणारी ही सुमारे १३० मैलांची, म्हणजे २०० किलोमीटरच्या वरची कच्ची वाट. मेक्सिकोची सरहद्द बराच वेळ डाव्या हाताला. वाटेत पेट्रोल नाही, दुकान नाही. मोबाइलला रेंज आलीच तर पलीकडच्या मेक्सिकन टॉवरची. जमीन तिघांची: ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट, कबेझा प्रिएटा अभयारण्य आणि बॅरी गोल्डवॉटर रेंज. शेवटची चक्क लष्कराची बॉम्बफेकीच्या सरावाची जागा. अभयारण्य आणि रेंज मिळून एकच परवाना चालतो, तो ऑनलाइन आणि फुकट. मॉन्युमेंटचं प्रवेशशुल्क वेगळं.

फुकट मिळतो म्हणून लोक तो सिनेमाच्या तिकिटासारखा धरतात. एक व्हिडिओ बघायचा (लोक तो म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये चालवतात, मला माहितीये) आणि सही करायची. सही कशावर? इथे न फुटलेले बॉम्ब पडलेले असू शकतात, जुन्या खाणींचे खड्डे आहेत, आणि काही बरंवाईट झालं तर मी सरकारला जबाबदार धरणार नाही, यावर. हा कागद सरकारने स्वतःच्या बचावासाठी घेतलेला आहे. तुम्हाला वाचवायला कुणी येईल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. पोरांना आधीच बजावून ठेवा, की वाळूत धातूचं काहीही चमकलं तरी हात लावायचा नाही, ‘सूव्हेनियर’ म्हणून उचलायचं तर मुळीच नाही.

तारखांचंही तेच. ‘स्प्रिंग ब्रेकला जाऊ, मुलांना सुट्टी असते’ असं दरवर्षी कुणी तरी सुचवतं. १५ मार्च ते १५ जुलै अभयारण्याचा मोठा भाग बंद असतो, कारण तेव्हा सोनोरन प्राँगहॉर्नच्या माद्या पाडसं वाढवत असतात. हे हरणासारखे दिसणारे प्राणी २००२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या हद्दीत जेमतेम २१ उरले होते. मग कुंपणात ठेवून पैदास केली, चारापाणी पुरवलं, तेव्हा कुठे कळप सावरले. आपल्या सुट्टीपेक्षा त्यांचं बाळंतपण महत्त्वाचं आहे, यावर मला तरी वाद घालायचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस्स. त्यातही आदल्या दोन-चार दिवसांत पाऊस झाला असेल तर बेत सरळ रद्द करा. पापागो वेल या विहिरीच्या पुढे लास प्लायास नावाचा सपाट तळ लागतो. कोरडा असताना तिथे मुलंही गाडी चालवतील. ओला झाला की त्याची चिकणमाती टायरच्या नक्षीत गच्च बसते, चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतं आणि गाडी हळूहळू पोटावर टेकते.

आता गाडी. नियमात फोर-व्हील ड्राइव्ह आणि हाय क्लिअरन्स लिहिलंय. तुमची ऑल-व्हील ड्राइव्हची क्रॉसओव्हर स्नोमध्ये छान चालते हे मान्य, पण इथे नको. पूर्वेकडच्या टप्प्यात पिठासारखी बारीक धूळ आहे, वरून रस्ता सपाट दिसतो आणि पुढचं चाक एकदम आत जातं. बॉनेटवरून धुळीची लाट काचेवर येते, काही क्षण काहीच दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच नवखा माणूस ब्रेक मारतो. मारायचा नाही. टायरमधली हवा आधीच वीस पीएसआयच्या आसपास उतरवलेली असावी, एका लयीत चालत राहावं. नंतर पिनाकाते ज्वालामुखीच्या लाव्हाचे काळे धोंडे लागतात. तिथे वेग म्हणजे पायी चालणाराही पुढे जाईल इतका. चोया निवडुंगाचे काटे आणि मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या फांद्या रंगावर ओरखडे काढणारच. ज्याला त्याचं वाईट वाटणार असेल त्याने दुसऱ्याच्या गाडीत बसावं. हवा भरायचा कॉम्प्रेसर, पूर्ण मापाची स्टेपनी, फावडं, ओढायचा पट्टा आणि सॅटेलाइट मेसेंजर हवाच. आणि गाड्या किमान दोन. एकट्या गाडीने जाणाऱ्याला मी शूर म्हणत नाही.

पाण्याचा हिशेब मात्र बसून करा. माणशी रोज चार लिटर हे फक्त पिण्याचं आणि कमीत कमी. बेत दोन रात्रींचा असेल तर पाणी चार दिवसांचं. सगळं एकाच मोठ्या कॅनमध्ये नको, कॅन चिरला की संपलं. वाटेत पापागो वेल, तुले वेल अशी विहिरींची नावं दिसतात म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नका. मेनूही पाण्याकडे बघून ठरवा. मिसळ म्हणजे मोड आलेली मटकी शिजवायला पाणी, रस्स्याला पाणी आणि वर तर्रीने माखलेली भांडी घासायला पाणी. आपल्या आज्या प्रवासाला दुधात भिजवलेल्या दशम्या द्यायच्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुका ठेचा. भांडं नाही, पाणी नाही. मिसळ परत आल्यावर माझ्याकडे, शब्द देतो.

या वाटेवर तहानेने मेलेल्यांची गणती नाही. कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे १८४९ नंतर निघालेले किती तरी जण इथेच पडले. वाटेवरच्या तिनाहास आल्तास या ठिकाणी खडकात एकावर एक नैसर्गिक टाकी आहेत, पावसाचं पाणी साठवणारी. खालचं टाकं आटलेलं असेल तर वरच्यापर्यंत चढायची ताकद अनेकांत उरलेली नसायची. ओनील पास या खिंडीजवळ एका खाण शोधणाऱ्याचं थडगं आहे. पावसानंतरच्या डबक्यात तोंड बुडून तो मेला म्हणतात. येणारेजाणारे त्यावर नाणी ठेवून जातात.

आणि हे फक्त इतिहासातलं नाही. याच वाळवंटातून आजही माणसं पायी सरहद्द ओलांडतात आणि मरतात. २०१७ मध्ये अभयारण्याने परवान्याच्या अटींमध्येच घातलं, की पाणी, अन्न, कपडे, औषधं मागे ठेवायची नाहीत. त्याच वर्षी सरहद्द ओलांडणाऱ्यांचे जीव वाचवू पाहणाऱ्या ‘नो मोअर डेथ्स’ या संस्थेच्या चार कार्यकर्त्या परवाना न घेता आत गेल्या आणि पाण्याचे कॅन व डबाबंद अन्न ठेवून आल्या. २०१९ मध्ये विनापरवाना प्रवेश आणि सामान टाकून जाणं यासाठी त्या दोषी ठरल्या. २०२० मध्ये वरच्या न्यायाधीशांनी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याच्या आधारे ती शिक्षा रद्द केली. मला ही अट लाजिरवाणी वाटते. पाणपोई घालणं पुण्याचं मानणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? तरीही सही करताना आपण कशावर सही करतोय ते माहीत असलं पाहिजे, विशेषतः व्हिसावर असलेल्यांना.

म्हणून निघण्याआधी गाडीतल्या सगळ्यांशी एक गोष्ट बोलून घ्या: समोरून तहानेला माणूस आला तर काय? माझं ठरलेलं आहे. पाणी हातात द्यायचं, पोटभर. प्रकृती वाईट दिसली तर सॅटेलाइटवरून मदत मागवायची. गाडीत घेऊन पुढे सोडायचं मात्र नाही, तो फेडरल गुन्ह्याचा मामला होऊ शकतो. हे तिथे, त्याच्यासमोर उभं राहून, वहिनी रडत असताना ठरवायची वेळ येऊ देऊ नका.

ग्रीन कार्ड, पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) जे काही असेल ते खिशात ठेवा, घरच्या लॉकरमध्ये नको. अठरा वर्षांवरच्या बिगर-नागरिकाने नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे. बॉर्डर पेट्रोलच्या गाड्या वाटेवर भेटतातच, आणि आहोच्या बाजूने परतलात तर हायवे ८५ वर चेकपोस्ट आहे. तिथे ‘फोनमध्ये फोटो आहे’ म्हणाल तर फोनची बॅटरी दोन दिवसांपूर्वीच संपलेली असेल.

ज्यांना जानेवारीत यायचंय त्यांनी गाडीचं मॉडेल आणि टायर कोणते ते खाली लिहा. परवान्यावर एक-दोन प्रश्न मी फोनवर विचारणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. आणि दादा, तुझी ती क्रॉसओव्हर नाही चालणार, तू माझ्या गाडीत मागे बस, दशम्या सांभाळ.