धोक्याची पातळी : सहा

पावसाळ्यात कोल्हापूरकराला दोनच आकडे लागतात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. आमच्या घरात यंदा नदीच्या आधी बनियनांनीच पातळी ओलांडली. हॉलमध्ये तीन दोऱ्या, पंख्याला मोजे आणि घरभर ओल्या गोणपाटाचा वास. शेवटी कपडे सुकवायचा ड्रायर आणला.

त्याची पिन बघून मी हबकलो. पेन्सिलीएवढ्या जाड दांड्या, आणि बाथरूमबाहेरच्या आमच्या सॉकेटची भोकं रेडिओच्या काळातली.

"अहो, उलटी धरून बघा की," सौ. म्हणाली. उलटीही धरून बघितली.

शेजारचे आण्णा सल्ला द्यायला पायताण न घालताच आले. "पिन तोडून टाका. उघड्या वायरी भोकात घालायच्या आन् काडीपेटीतल्या काड्या ठोकायच्या. आमचा गिझर सात वर्षं काडीवर चाललाय." त्या काड्यांना गूल होतं की नव्हतं, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी सुशिक्षित माणूस. लक्ष्मीपुरीत जाऊन मोठी पिन लहान भोकांत बसवणारा कन्व्हर्टर आणला. पिन खटकन बसली. आता बटण दाबणार, तेवढ्यात बिघडलेली बेल बघायला वायरमन आला. चिंब भिजलेला.

"काका, हात काढा!"

त्यानं ड्रायरच्या पाठीवरचं लेबल वाचलं. "२४०० वॅट. भागिले २३०. धा अँपिअरच्या वर गेलं की. आन् हे सॉकेट सहाचं. कन्व्हर्टरनं पिन बसंल, पर भित्तीतली वायर जाड हुतीया व्हय? ती एक स्क्वेअर मिलिमीटरचीच. भित्तीत शेकोटी पेटंल."

मग त्यानं पिशवीतून दोन वायरींना लटकलेला बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलला लावला, लख्ख पेटला. फेज आणि वरच्या मोठ्या, अर्थच्या भोकाला लावला, तर ढिम्म. बोर्ड उघडला. अर्थची वायर कुठल्या स्क्रूला नव्हतीच. मागे वेटोळं घालून झोपली होती.

"काका, घरात अर्थच न्हाई."

"हे मी तीस वर्षं म्हणतेय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

दोन दिवस घर खणलं. मेन बोर्डपासून ४ स्क्वेअरची वेगळी वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी, आणि अर्थिंग थेट परड्यातल्या नव्या खड्ड्यापर्यंत. बिलाचा आकडा मात्र कुठल्याच बंधाऱ्यावर लिहिलेला नव्हता. बल्ब पुन्हा लावला, या खेपेला अर्थवरही पेटला.

"ट्रायल घ्या की," वायरमन म्हणाला आणि त्यानं स्वतःचा भिजका शर्ट-पँट काढून पहिला घाणा आत टाकला. मग माझी लुंगी नेसून, एका हातात चहा, दुसरा हात वैद्यानं नाडी धरावी तसा पिनेवर ठेवून तो तासभर बसला.

"थंड हाय," तो दर पाच मिनिटांनी सांगायचा. बेल तेवढी राहिलीच.