ते सैतानाचं चिन्ह नाही, मावशी

परवा दुपारी ताईचा फोन. तिचा मुलगा, माझा नऊ वर्षांचा भाचा, शाळा सुटली की आमच्या मावशीकडे असतो. त्या दिवशी त्याने जिन्यात भेटलेल्या काकांना बोटांमध्ये फट करून हात दाखवला. मावशीने ते पाहिलं, त्याला ओढत घरात नेलं, साबणाने हात धुवायला लावले आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आपलं चुकलं काय हे न कळल्यामुळे पोरगं रडत रडत झोपलं. या सगळ्याच्या मुळाशी होता सकाळी मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. संध्याकाळी तो आमच्या घरच्या ग्रुपवरही आला. खाली सात जणांचे जोडलेले हात आणि एका काकांचं ‘डोळे उघडणारी माहिती’.

हे चिन्ह भाच्याला मी शिकवलंय. तेव्हा उत्तर देणं मलाच भाग आहे.

ज्यांना तो फॉरवर्ड आला नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘स्टार ट्रेक’ नावाच्या जुन्या अमेरिकन मालिकेतल्या खुणा जगभरच्या कार्टूनमध्ये मुद्दाम पेरल्या जातात. बोटांची फट ही सैतानपूजेची खूण. ‘बीम मी अप’ म्हणजे ‘मला वर घे’, म्हणजे मुलांना ‘वर’ जायला शिकवणं. त्या मालिकेच्या नटांना कार्टूनमध्ये घ्यायचा ‘वरून आदेश’ असतो आणि मेल्यावरही त्यांची डोकी बरणीत ठेवून बोलायला लावतात. टोकदार दाढीवाला जुळा हा सैतानाचा अवतार. शेवटी, म्हणून मुलांना कार्टून दाखवूच नका. सोबत ‘सिम्पसन्स’, ‘फ्युचरामा’, ‘साऊथ पार्क’ आणि ‘फॅमिली गाय’ या कार्टूनची चित्रं, त्यांवर लाल गोल.

सगळ्यात आधी बोटं, कारण मीठ-मोहऱ्या त्यांच्यापायी वाया गेल्या.

तर्जनी आणि मधलं बोट जोडलेलं, अनामिका आणि करंगळी जोडलेली, मध्ये फट, अंगठा बाहेर. ‘स्टार ट्रेक’मध्ये हे पहिल्यांदा दिसलं १९६७ साली, ‘अमोक टाइम’ नावाच्या भागात. मिस्टर स्पॉक हा परग्रहावरचा माणूस आपल्या ग्रहावर परततो, तेव्हा तिथले लोक एकमेकांना भेटल्यावर काय करत असतील, असा प्रश्न होता. स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने ही खूण सुचवली. कुठून आणली, तेही त्याने अनेकदा सांगितलंय. यिडिश बुक सेंटर या संस्थेने २०१३ साली त्याची लांबलचक मुलाखत चित्रित केली. त्यात म्हातारा निमॉय स्वतःच्या तोंडाने सगळं सांगतो. ज्याला शंका आहे त्याने ती बघावी, मग माझ्याशी वाद घालावा.

निमॉय बोस्टनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, गेला होता. तिथे पुरोहित घराण्यातले लोक, ज्यांना कोहेन म्हणतात, पुढे उभे राहतात, डोक्यावरून शाल ओढून घेतात आणि दोन्ही हातांची बोटं अशी फाकवून जमलेल्या लोकांना आशीर्वाद देतात. त्या वेळी कोणी बघायचं नाही असा रिवाज. वडील म्हणाले, बघू नकोस. पोराने अर्थातच बघितलं. बोटांचा तो आकार म्हणजे हिब्रू लिपीतलं ‘शिन’ हे अक्षर, ‘शद्दाय’ या देवाच्या नावाचं आद्याक्षर. म्हणायचे शब्द बायबलच्या गणना या पुस्तकातले, सहाव्या अध्यायातले: परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो.

वाच परत, मावशी. तुझं रक्षण करो. यावर आपण मुलाची दृष्ट काढली.

मालिकेत या खुणेबरोबर जे वाक्य येतं ते त्याच भागाचा लेखक थिओडोर स्टर्जन याने लिहिलेलं. मराठीत म्हणायचं तर ‘दीर्घायुषी हो, भरभराट होवो’. तू स्वतः दर वाढदिवसाला त्याच्या डोक्यावर हात ठेवून याहून वेगळं काय म्हणतेस?

सैतानाची भीती मात्र नवी नाही, हेही सांगून टाकतो. १९६६ साली मालिका सुरू व्हायच्या बेतात होती, तेव्हा एनबीसी वाहिनीच्याच लोकांना धास्ती वाटली की स्पॉकचे टोकदार कान आणि वर चढलेल्या भुवया पाहून धार्मिक प्रेक्षक बिथरतील. म्हणून जाहिरातीच्या पुस्तिकेत त्याचे कान चक्क रंगवून गोल केले. फॉरवर्डवाले साठ वर्षं उशिरा आलेत, एवढंच.

पण मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. एका धर्माच्या लोकांचा आशीर्वाद उचलायचा आणि त्याला ‘सैतानपूजा’ म्हणून छापायचं, हा उद्योग युरोपात फार जुना आहे आणि तिथे त्याचे परिणाम काय झाले ते आपण शाळेत शिकलोय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल. पुढे पाठवणाऱ्यांना तर नाहीच. पण मावशी, तुझी बँकेतली मैत्रीण पेणची बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यूच. आडनाव आपल्यासारखंच ‘कर’वालं, बोलणं तुझ्याहून अस्सल कोकणी ढंगाचं. तिच्याकडच्या मलिद्याला, त्यांच्या प्रार्थनेच्या कार्यक्रमाला, तू गेली होतीस आणि नारळ घातलेले ते गोड पोहे डब्यात भरून आणलेस, मला आठवतंय. पुण्यातल्या लाल देवळावरून, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगवरून, तर तू रोज रिक्षाने जातेस. तो फॉरवर्ड तिला पाठवशील का? पाठवणार नसशील, तर भजनी मंडळालाही पाठवू नकोस.

आता बाकीचं भराभर.

‘मला वर घे.’ मराठीत ‘वर जाणे’ म्हणजे मरणे, हे अमेरिकेतल्या लेखकांना कसं माहीत असणार? ‘बीम’ म्हणजे किरणांच्या झोतातून यानावर परत घेणं. दर आठवड्याला अख्खं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून माणसं इथून गायब आणि तिथे हजर ही युक्ती काढली. काटकसर, दुसरं काही नाही. गंमत म्हणजे ज्या वाक्यावर इतका गहजब, ‘बीम मी अप, स्कॉटी’, ते मूळ मालिकेच्या ७९ भागांत नेमक्या या शब्दांत कोणी म्हणतच नाही. त्याच्या खूप जवळ जाणारं ‘बीम अस अप, स्कॉटी’ सापडतं ते १९७३च्या ‘स्टार ट्रेक’च्याच कार्टून मालिकेत. बावीस भागांची ती मालिका, बहुतेक मूळ नटांचेच आवाज आणि एमी पुरस्कारसुद्धा मिळालेला. म्हणजे कार्टूनमध्ये ‘स्टार ट्रेक’ चोरून पेरलं वगैरे काही नाही. ते उघड उघड, आपल्या नावानिशी तिथे पन्नास वर्षांपासून आहे.

‘वरून आदेश.’ १९९३ साली ‘सिम्पसन्स’मध्ये मोनोरेलवाला एक भाग आला. गावाला मोनोरेल विकणाऱ्या भामट्याची गोष्ट, लेखक कॉनन ओब्रायन. त्यात आवाज द्यायला आधी ‘स्टार ट्रेक’च्याच जॉर्ज टाकेईला विचारलं होतं. तो नाही म्हणाला. का? तिथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या संचालक मंडळाशी त्याचा संबंध होता आणि सार्वजनिक वाहतुकीची टिंगल त्याला करायची नव्हती. मग निमॉयला विचारलं. कसली ही गुप्त संघटना, जिचा सदस्य बससेवेची लाज राखायला आदेश मोडतो? पीएमपीच्या बसची वाट पाहिलेल्या पुणेकराला टाकेईबद्दल आदरच वाटेल.

बरणीतली डोकी. यावर लिहायचंच नव्हतं, पण काकांनी ‘विज्ञान कुठे पोचलं बघा’ असं लिहिलंय, म्हणून. ‘फ्युचरामा’ हे इसवी सन ३००० मधलं कार्टून आहे आणि जुन्या काळच्या प्रसिद्ध लोकांची डोकी बरणीत जिवंत असणं हा त्यातला कायमचा विनोद आहे. १९९९च्या पहिल्याच भागात निमॉयचं डोकं आहे, आवाज त्याचाच, आणि तेव्हा तो धडधाकट होता. तो वारला २०१५ साली. २००२च्या भागात जुने नट पुन्हा जमले. डिफॉरेस्ट केली १९९९ मध्येच वारला होता, म्हणून त्याचं पात्र दिसतं पण एक शब्द बोलत नाही. मेल्यावर बोलायला लावतात म्हणे! आणि त्या भागाची गोष्ट काय, तर चाहत्यांनी ‘स्टार ट्रेक’चा धर्मच करून टाकला, म्हणून मालिकेवर बंदी येते आणि तिच्या टेप एका निषिद्ध ग्रहावर फेकून देतात. फॉरवर्डवाल्याला ज्याची भीती वाटते त्याचीच टर कार्टूनवाल्यांनी आधी उडवून ठेवलीय.

दाढी. १९६७च्या एका भागात समांतर विश्वातल्या दुष्ट स्पॉकला बोकडदाढी होती. तेव्हापासून ‘दाढी दिसली की दुष्ट जुळा’ हा कार्टूनवाल्यांचा ठरलेला विनोद. ‘साऊथ पार्क’ने १९९८ साली तो केला. ‘फ्युचरामा’ने पुढे बेंडर या यंत्रमानवाचा दाढीवाला जुळा आणला. सगळे त्याच्यावर संशय घेतात आणि चोर निघतो बिनदाढीचा बेंडर. आपल्या सिनेमात गालावर तीळ असला की तो डबल रोल, तशातली गत. तिळासाठी कोणी मीठ-मोहऱ्या काढत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा. इथे मला नाइलाजाने थोडं मागे यावं लागतंय. कार्टून दिसलं की ते लहान मुलांचं, असं आपण धरून चालतो आणि ते चूक आहे. ‘साऊथ पार्क’ला अमेरिकेतही फक्त प्रौढांसाठी असं मानांकन आहे, शिव्या, रक्त, सगळं आहे त्यात. ‘फॅमिली गाय’ही नऊ वर्षांच्या मुलापुढे लावायची गोष्ट नाही. आणि खरं सांगायचं तर ‘स्टार ट्रेक’मधला लाल शर्टवाला सगळ्यात आधी मरतो वगैरे तेच तेच संदर्भ इतक्यांदा उगाळलेत की मलाही कंटाळा येतो. तेव्हा ताई, टॅबवर वयाची मर्यादा लाव. ती लावायला सैतानाची गरज नाही.

भाच्याशी मी रात्री फोनवर बोललो. त्याला शाल आणि सिनेगॉगची गोष्ट आवडली. त्याचं पुढचं म्हणणं असं की डाव्या हाताने अजून जमत नाही. मी त्याला सांगितलं, त्या १९६७च्या भागात ग्रहावरच्या वयोवृद्ध सत्ताधारी बाईचं काम करणाऱ्या सेलिया लोव्हस्की यांनाही जमत नव्हतं. हात वर करण्याआधी त्या दुसऱ्या हाताने बोटं नीट लावून घ्यायच्या. हे ऐकून मागून मावशी म्हणाली, ‘मग ते चालतं का?’