टोपीवाला पी

टेक्स्ट फाइलला 'साधी' म्हणणाऱ्याने ती कधी वर्डमध्ये उघडलेली नसते, हे मी शपथेवर सांगतो. नोटपॅडमध्ये ती गरीब गाईसारखी बसून असते. वर्डमध्ये आली की शिंगं दिसतात.

पहिलं शिंग उघडतानाच लागतं. मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेल्या परदेशी 'ए'ची पलटण दिसली, तरी फाइल बिघडलेली नसते. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट (साठवणीचे कप्पे) घेतं आणि वर्डने प्रत्येक बाइट हे स्वतंत्र अक्षर मानलेलं असतं. 'मी' म्हणजे म आणि वेलांटी, म्हणजे ६ अक्षरं. एवढा मोठा मी कधीच नव्हतो! अशी फाइल सेव्ह न करता बंद करावी. मग ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स्डच्या तळाशी, जनरलखाली, फाइल उघडताना रूपांतराची खात्री करून घेण्याचा चौकोन टिक करावा. पुढच्या वेळी वर्ड आधी विचारतो. तेव्हा यूटीएफ-८ निवडायचं.

खरा छळ एंटरचा. टेक्स्ट फाइलमध्ये ओळ ८० अक्षरांच्या आत तोडायची जुनी रीत आहे. हे ८० आले आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डाच्या, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायच्या पुठ्ठ्याच्या, ८० रकान्यांवरून. कार्डं गेली, रकाने मानगुटीवर राहिले. ओळ संपली की एंटर, परिच्छेद संपला की दोन एंटर. वर्डला मात्र प्रत्येक एंटर म्हणजे नवा परिच्छेद. त्यामुळे ओळी ताणून दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफाय दाबा, काही हलत नाही. परिच्छेदाची शेवटची ओळ ताणायची नसते आणि इथे प्रत्येक ओळ शेवटचीच.

उपाय कंट्रोल एच, म्हणजे 'शोधा आणि बदला'ची खिडकी. परिच्छेदखुणेला तिथे टोपीची खूण आणि छोटा पी (^p) असं लिहितात. मी त्याला टोपीवाला पी म्हणतो. आधी 'स्पेस आणि टोपीवाला पी' शोधून नुसता टोपीवाला पी टाका, बदल शून्य होईपर्यंत. ही पायरी गाळली तर रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत लपलेली एखादी स्पेस दोन टोपीवाल्यांना भेटू देत नाही आणि दोन परिच्छेद एकमेकांत शिरतात. मग लागोपाठचे दोन टोपीवाले शोधून त्यांच्या जागी तात्पुरती खूण म्हणून @@@. मग उरलेला प्रत्येक टोपीवाला काढून एक स्पेस. शेवटी @@@ च्या जागी पुन्हा टोपीवाला. क्रम उलटा केलात तर अख्खा दस्तऐवज एका परिच्छेदाचा होतो, आणि तो वाचायला मोठा दम लागतो. कविता, पत्ते आणि याद्या मात्र या रोडरोलरखाली हमखास सपाट होतात. त्या आधीच कापून दुसऱ्या फाइलीत ठेवाव्यात.

स्पेस दाबून दाबून उभे केलेले तक्ते कूरियरसारख्या समान रुंदीच्या फॉन्टमध्येच सरळ राहतात. फॉन्ट बदलला की आकडे दारू प्यायल्यासारखे चालतात. रकान्यांमधल्या स्पेसच्या रांगेऐवजी एकेक टॅब टाका आणि 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' वापरा. मथळे नुसते ठळक करू नका. ठळक अक्षर डोळ्याला मथळा वाटतं, वर्डला वाटत नाही. कंट्रोल ऑल्ट १ ने 'हेडिंग १' दिलं तरच अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

उरली अवतरणचिन्हं. 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप'मध्ये 'स्मार्ट कोट्स', म्हणजे वळणदार अवतरणचिन्हं, चालू ठेवून कंट्रोल एचमध्ये सरळ चिन्ह शोधायचं आणि त्याच्या जागी तेच सरळ चिन्ह टाकायचं. जे आहे तेच टाकून काम होतं, अशी ही माझ्या माहितीतली एकमेव सुधारणा. वर्ड सगळी चिन्हं वळवून देतो. फक्त '९८ सालासारख्या आकड्याआधीचं चिन्ह त्याला अवतरणाची सुरुवात वाटतं आणि ते उलटं वळतं. ते शोधून शोधून हाताने फिरवावं लागतं.