वीस हजार पौंड मागितले, मिळाला एक शिलिंग
अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या लेडी वर्स्लीबद्दल कुठेही वाचा, आधी येतो तो २७ प्रियकरांचा आकडा. खरा की तेव्हाच्या छापखानेवाल्यांनी फुगवलेला देव जाणे, पण मला त्या आकड्यापेक्षा कोर्टात जे झालं तेच भारी वाटतं.

लग्न १७७५ मधलं, मुलगी श्रीमंत घरची, तिचा पैसा सगळा नवऱ्याच्या हातात, तेव्हा कायदाच तसा होता. सर रिचर्ड वर्स्ली म्हणजे आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावरचा बडा माणूस, पार्लमेंटचा मेंबर. १७८१ च्या नोव्हेंबरमध्ये बायको पळाली ती त्याच्याच मिलिशियातल्या, म्हणजे स्थानिक फौजेतल्या, कॅप्टन बिसेटबरोबर. नवऱ्याने बिसेटवर वीस हजार पौंडांचा दावा ठोकला. माझ्या मालकीच्या बाईचं नुकसान केलंस, भरपाई दे, हिशोब सरळ! आणि त्या बाईला स्वतः कोर्टात उभं राहून बोलायची सोय नाही.

मग हिने काय करावं? स्वतःचीच किंमत पाडली. आधीचे प्रियकर साक्षीला आले, त्यात एक व्हायकाउंट म्हणजे उमराव, शिवाय एक डॉक्टर. म्हणणं एवढंच की बाईची अब्रू आधीच गेलेली होती, बिसेटने नवीन काय बिघडवलं? आणि वर मेडस्टोनच्या स्नानगृहातली बाई आली, तिने सांगितलं की वर्स्लीसाहेबांनीच बिसेटला खांद्यावर चढवून खिडकीतून आपली बायको आंघोळीनंतर कपडे घालताना दाखवली, वर तिला हाक मारून सांगितलंही की बिसेट बघतोय!! संपला विषय. ज्यूरीने केस नवऱ्याच्या बाजूने दिली पण भरपाई फक्त एक शिलिंग, म्हणजे पौंडाचा विसावा भाग, आणि गिलरेसारख्या व्यंगचित्रकारांनी तर त्याची पार लाज काढली.

काही लोक तिला लगेच स्त्रीमुक्तीची देवी करतात, ते मला पटत नाही. तिला बिसेट वाचवायचा होता एवढंच. आणि तो पुढे तिला सोडूनच गेला! नवऱ्याने घटस्फोट दिलाच नाही, नुसतं विभक्त होऊन तिला लटकवून ठेवलं, म्हणजे तो जिवंत असेपर्यंत दुसरं लग्न बंद. कर्ज झालं, फ्रान्समध्ये राहावं लागलं. एवढी वर्षं सूड धरून ठेवायला पण माणूस तसाच लागतो राव.

१८०५ मध्ये वर्स्ली गेला. पैसा परत तिच्याकडे आला, महिन्याभरात तिने वयाने बराच लहान नवरा केला, माहेरचं फ्लेमिंग हे नाव परत घेतलं आणि नवऱ्यालाही तेच लावायला लावलं.