‘मांडीतलं इंजेक्शन घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची नवव्या महिन्यात आहे, बाळंतपणाला कोल्हापूरला माहेरी आलीय. परवा रात्री तिचा फोन: "मावशी, बाळ झाल्यावर मांडीत इंजेक्शन देतात, ते नको म्हणून आधीच लिहून देता येतं का गं?" कुठून काढलंस हे, विचारलं, तर ‘प्रसूतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलीपर्यंत पोचवा’ असा एक मेसेज. आधी तिच्या सासरच्या ग्रुपवर आला, मग माहेरच्या, आणि काल आमच्या भिशीच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकला. त्यात पाच गोष्टी आहेत. सिस्टर गोड बोलते ती सिझरला राजी करायला. कळा सुरू झाल्या की आडवं पडून राहायचं, पाणीही प्यायचं नाही. बाळ झाल्यावरचं इंजेक्शन घेतलं की पुन्हा दिवस जात नाहीत, तेव्हा ते नाकारा. पहिला चीक पिळून टाका आणि बाळाला मध चाटवा. आणि घरचं माणूस आत घेऊन काही उपयोग नाही, उलट अडचण होते.

तिसरा, म्हणजे इंजेक्शनचा मुद्दा आधी घेते, कारण तो ऐकला तर जीव जाऊ शकतो.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. पिशवी घट्ट आवळली की त्या आपोआप दाबल्या जातात. पिशवी सैल राहिली तर रक्त थांबत नाही, आणि दोन-तीन तासांत धडधाकट बाई हातची जाते. जगभरात बाळंतपणात आया दगावतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रत्येक बाळंतिणीला, नॉर्मल असो की सिझर, बाळ झाल्याबरोबर पिशवी आवळणारं औषध द्या, आणि त्यात पहिली पसंती ऑक्सिटोसिनच्या १० युनिटना. मांडीतलं इंजेक्शन ते हेच. कळा याव्यात म्हणून आणि बाळ पाजताना बाईचं शरीर स्वतःच हे ऑक्सिटोसिन तयार करतं. इंजेक्शनातलं काही तासांत शरीरातून निघून जातं. त्याने पुढचं मूल कसं थांबेल? दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालेल्या किती बायका दुसऱ्या वेळी त्याच दवाखान्यात येतात, ते आपल्या गल्लीत विचारून बघा. त्यातल्या बहुतेकींना पहिल्या वेळी हीच सुई मिळालेली असते.

गगनबावड्याकडच्या एखाद्या मुलीने हा मेसेज वाचून इंजेक्शन नको म्हटलं आणि अंगावरून जायला लागलं, तर तिला कोल्हापूरच्या सीपीआर या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणायला पन्नासेक किलोमीटर यावं लागतं, आणि पावसाळ्यात वाटेत मांडुकलीजवळ रस्ता पाण्याखाली जातो. मेसेज लिहिणाऱ्याने याचा विचार केलाय का?

माझ्या धाकट्या जावेच्या वेळी मी आत होते. बाळ छातीवर ठेवलं आणि सिस्टर म्हणाली, "वैनी, मांडीत सुई देतो हां, पिशवी आवळून यायला. एक चिमटा बसंल." मग वार पडल्यावर पोटावर हात दाबून बघितलं, जावेचा हात धरून तिथंच ठेवला आणि म्हणाली, "हे कडक लागतंय न्हवं? असंच पायजे. मऊ वाटलं की मला हाक मारायची." दर थोड्या वेळाने येऊन पॅड बघून जायची. बाहेर पॅसेजमध्ये दीर उभे होते, त्यांनाही जाऊन तिनेच सांगितलं की दोघंही बरी आहेत.

अशा बाईच्या गोड बोलण्यात या मेसेजला सिझरचा डाव दिसतो. खरं उलटं आहे. २०१७ च्या कॉक्रन आढाव्यात (कॉक्रन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांचे २६ अभ्यास एकत्र तपासले आहेत. कळांच्या वेळी सतत कुणीतरी जवळ होतं, मग ती सिस्टर असो, शिकलेली सोबतीण असो की घरचं माणूस, तिथं सिझरचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी निघालं, आणि कळांचा काळही थोडा आखूड झाला. पाठ चोळणारा आणि धीर देणारा हात हासुद्धा उपचारच आहे.

आता एक कबूल करायलाच हवं. सिझर गरजेपेक्षा जास्त होतात, ही तक्रार खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. एवढा फरक नुसत्या अडलेल्या केसेसमुळे पडत नाही. पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो. का करताय, हे त्यांना विचारा. बायकांवर ओरडणाऱ्या सिस्टरही असतात, तेही खरं, आणि त्याची तक्रार झालीच पाहिजे. पण म्हणून नीट वागणारीवर संशय घ्यायचा?

आडवं पडून राहायचं, पाणी नाही, हे जुनं झालं. धोका नसेल तर फिरावं, बसावं, पाणी-सरबत प्यावं. चीक टाकायचा नाही, तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

आणि घरचं माणूस? केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई सोबत ठेवायला परवानगी दिली. आडोशाची सोय असेल तिथं नवऱ्यालाही आत घेता येतं. भाचीला मी सांगितलंय, भरती होतानाच विचारायचं की आई आत थांबेल का. इंजेक्शनला मात्र नाही म्हणायचं नाही. आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय, त्यांनी त्याच ग्रुपवर तो चुकीचा आहे असं आजच लिहावं. दिवस भरलेल्या मुली तो वाचतायत.